बरोक ते बाउहाउस : रचनाचळवळी ओळखण्याची रीत, गोव्यातल्या उदाहरणांसह

फोंड्याला राहणाऱ्या आणि अंतर्गत सजावटीच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, डिझाइनच्या इतिहासातल्या प्रमुख चळवळी कोणत्या, प्रत्येकीची लक्षणे कोणती, आणि पुस्तकातली सगळी उदाहरणे युरोपातली असताना गोव्यात राहून हा विषय प्रत्यक्ष पाहून कसा शिकायचा. आपल्याकडे ज्या घरांना सर्रास ‘पोर्तुगीज शैली’ची घरे म्हटले जाते ती यांपैकी कोणत्या चळवळीत बसतात, हाही तिचा प्रश्न आहे. जुनी घरे आणि जुने लाकडी सामान यांची दुरुस्ती व जतन हे माझे रोजचे काम आहे. त्यामुळे परीक्षेतल्या उत्तरापेक्षा थोडे वेगळ्या वाटेने, पण परीक्षेलाही उपयोगी पडेल असे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

लक्षणांच्या याद्या पाठ करून हा विषय येत नाही. वळणदार रेषा दिसली की आर्ट नूव्हो आणि कोनाकोनांची झिगझॅग नक्षी दिसली की आर्ट डेको, अशा खुणांवर विसंबणारा विद्यार्थी पहिल्याच जुन्या घरात गोंधळतो, कारण तिथे एकाच भिंतीवर चार काळांच्या खुणा असतात. मी स्वतः कोणत्याही वस्तूसमोर उभा राहिलो की तीन गोष्टी तपासतो : ती कोणाच्या हातून घडली, कोणत्या साहित्याने व तंत्राने घडली, आणि तिचा खर्च कोणी केला. या तिन्हींची उत्तरे मिळाली की लक्षणे आपोआप उलगडतात. प्रत्येक चळवळीचे दृश्य रूप हे या तीन गोष्टींत झालेल्या बदलाचा परिणाम असते.

एक महत्त्वाचा फरक आधीच ध्यानात घ्यावा. 19व्या शतकाच्या मध्यापूर्वीच्या बहुतेक शैलींना त्यांची नावे पुढच्या पिढ्यांच्या समीक्षकांनी दिली. बरोक काळातला कारागीर आपण बरोक काम करतो आहोत असे समजत नव्हता. याउलट 1850 नंतरच्या बऱ्याच चळवळी जाणीवपूर्वक उभ्या राहिल्या. त्यांना संस्थापक होते, जाहीरनामे होते, नियतकालिके होती आणि विरोधकही होते. म्हणून पहिल्या गटाचा अभ्यास वास्तू आणि वस्तू पाहून करावा लागतो, तर दुसऱ्या गटात वस्तूंबरोबर त्यामागचा वादही समजून घ्यावा लागतो.

पहिल्या गटासाठी जुने गोवे ही जगातल्या उत्तम शाळांपैकी एक आहे, आणि 1986 मध्ये तिथली चर्चे व मठ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले ते उगाच नव्हे. सुरुवात असिसीच्या संत फ्रान्सिस चर्चच्या दारापासून करावी. आजचे चर्च 1661 मधले आहे, परंतु त्याआधी तिथे असलेल्या चर्चचे दार पाडून न टाकता नव्या दर्शनी भिंतीत बसवले गेले. हे दार मॅन्युएलाइन पद्धतीचे आहे, म्हणजे राजा मॅन्युएल पहिला याच्या काळात (1495 ते 1521) पोर्तुगालमध्ये बहरलेल्या, गॉथिक परंपरेच्या अखेरच्या टप्प्यातल्या शैलीचे. दाराजवळ उभे राहून पाहिले तर कमानीचा तीन पाकळ्यांचा घाट, दगडातली दाट कोरीव पट्टी आणि आकाशाचा गोल दाखवणाऱ्या कड्यांच्या यंत्राची, म्हणजे त्या राजाच्या चिन्हाची, आकृती दिसते. या शैलीत जहाजाचे दोरखंड, गाठी आणि सागरी यंत्रे दगडात येतात, कारण खर्च करणारी सत्ता समुद्रावरच्या व्यापारातून श्रीमंत झाली होती. दारापासून चार पावले मागे सरून वर पाहिले, की त्याच भिंतीचा उरलेला भाग किती साधा आणि शिस्तबद्ध आहे हे जाणवते. एकाच दर्शनी भिंतीत दीडशे वर्षांच्या अंतराने केलेली दोन कामे शेजारीशेजारी पाहण्याची अशी संधी सहसा मिळत नाही.

शेजारचे से कॅथेड्रल 1562 मध्ये सुरू झाले आणि त्याचे मुख्य बांधकाम पुरे व्हायला 1619 उजाडले. तिथे प्रबोधनकाळाची, म्हणजे रेनेसाँची शिस्त पाहावी : प्राचीन रोमच्या स्तंभरचनांचे नियम, समतोल, मोजून घेतलेली प्रमाणे, बाहेरून तस्कन, म्हणजे साध्या खांबांच्या पद्धतीचा संयम आणि आत कॉरिंथियन, म्हणजे पानांच्या नक्षीची स्तंभशीर्षे. एक मनोरा 1776 मध्ये कोसळल्यामुळे आज दर्शनी भाग एका बाजूने रिकामा वाटतो. समतोल हा या शैलीचा पाया असल्याची साक्ष ती रिकामी बाजूच देते.

आता बरोक. त्याची पाठ्यपुस्तकातली लक्षणे म्हणजे भव्यता, हालचालीचा आभास, पिळदार खांब, सोनेरी मुलामा, छायाप्रकाशाचा नाट्यमय वापर आणि वास्तू, शिल्प व चित्र यांचे एकत्र गुंफलेले रूप. यामागचे कारण इतिहासात आहे. प्रोटेस्टंट सुधारणेला उत्तर देण्यासाठी भरलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने (1545 ते 1563) धार्मिक कलेने भाविकांना शिकवावे आणि त्यांच्या मनाला हलवावे अशी दिशा दिली, आणि पुढच्या शतकात रोममध्ये बेर्निनी व बोरोमिनी या वास्तुकारांनी त्या दिशेची परिसीमा गाठली. गोव्यात बरोकचे उदाहरण म्हणून बों जेझूस बॅसिलिकेचे नाव घेतले जाते. मात्र त्या संपूर्ण इमारतीवर एकच नावाचा शिक्का मारणे मला पटत नाही. बांधकाम 1594 मध्ये सुरू होऊन 1605 मध्ये चर्च अर्पण केले गेले. तेव्हा बेर्निनी सहा वर्षांचा होता. दर्शनी भागात एकावर एक चढणाऱ्या स्तंभरचना, सपाट भिंतीवर नीट आखलेले चौकोन आणि गोल खिडक्या आहेत. ही प्रबोधनकाळाच्या अखेरची, नियमांशी खेळू लागलेली पण अजून नियमांतच राहणारी वृत्ती आहे. आत गेल्यावर मुख्य वेदीमागचा सोन्याने मढवलेला, पिळदार खांबांचा भव्य पडदा समोर येतो, आणि तो मात्र निःसंशय बरोक आहे. संत फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांची चांदीची पेटी 1630 च्या दशकात गोव्याच्याच कारागिरांनी घडवली. तिच्याखालचे रंगीत संगमरवराचे आणि काशाच्या फलकांचे चौथऱ्यासारखे बांधकाम फ्लॉरेन्सच्या जोव्हानी बात्तिस्ता फोजिनीचे. टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने पाठवलेली ही भेट 1698 मध्ये इथे उभी राहिली. म्हणजे एका छपराखाली चार वेगवेगळी कामे, चार प्रकारचे हात आणि निदान तीन आश्रयदाते आहेत. म्हणून माझा आग्रह असतो की काळ इमारतीचा न सांगता भागाचा सांगावा.

ही सवय लागली की फोंडा तालुक्यातली मंदिरेही नव्याने दिसू लागतात. कवळ्याचे श्री शांतादुर्गा मंदिर 18व्या शतकात, शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, नारोराम मंत्री यांच्या पुढाकाराने उभे राहिले. मंगेशीची सात मजल्यांची दीपमाळ आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. या मंदिरांत अष्टकोनी बैठकीवरचे घुमट, कठड्यांच्या रांगा, भिंतीला चिकटलेले अर्धस्तंभ आणि अर्धगोल कमानीच्या खिडक्या दिसतात, आणि त्यामुळे काही लेखक त्यांना सरळ बरोक म्हणून मोकळे होतात. मला ते मान्य नाही. गाभारा, अंतराळ, सभामंडप, तळी, अग्रशाळा (भाविकांच्या उतरण्याच्या खोल्या) आणि दीपमाळ यांची मांडणी पूर्णपणे देवळाची आहे, आणि ती उत्सव, पालखी व प्रदक्षिणा यांच्या गरजेतून आलेली आहे. उसनी घेतली ती चुन्याच्या गिलाव्यात काढायची नक्षी, कारण त्या काळातल्या इथल्या गवंड्यांना ती हातची झाली होती. शब्दसंग्रह एका परंपरेचा आणि वाक्यरचना दुसरीची, हे मिश्रण स्वतंत्र गोमंतकीय निर्मिती म्हणून अभ्यासावे.

रोकोकोवर फार वेळ घालवण्याची गरज नाही. 1730 च्या सुमारास फ्रान्सच्या दिवाणखान्यांत ती रुजली. शिंपल्यासारखी वळणे, मुद्दाम ठेवलेली असमतोल नक्षी, फिकट रंग आणि हलके सामान ही तिची ओळख. नवअभिजात, म्हणजे निओक्लासिकल वळण तिच्या विरोधात आले. हर्क्युलेनियम (1738) आणि पाँपेई (1748) इथल्या उत्खननांमुळे प्राचीन रोमन घरे प्रत्यक्ष दिसू लागली आणि सरळ रेषा, त्रिकोणी शिरोभाग, साधी भिंत व मोजके अलंकरण यांना पुन्हा मान मिळाला. आपल्याशी जोडलेला याच काळाचा एक धागा मला फार मोलाचा वाटतो. 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपाने लिस्बन उद्ध्वस्त झाले, आणि पोर्तुगालचा मंत्री पोंबालचा मार्क्विस याच्या देखरेखीखाली शहराचा मध्यभाग पुन्हा उभारताना सरळ रस्ते, एकसारखे दर्शनी भाग, ठरावीक मापांच्या खिडक्या आणि भिंतींच्या आत भूकंप सोसणारा लाकडी सांगाडा वापरला गेला. कारखान्यांच्या युगापूर्वीच मापांचे प्रमाणीकरण एवढ्या मोठ्या प्रमाणावर झाले होते. 1843 मध्ये अधिकृत राजधानी झालेल्या पणजीचे काटकोनातले रस्ते आणि एका ओळीत बसवलेल्या खिडक्यांच्या जुन्या सरकारी इमारती पाहताना ही पार्श्वभूमी मनात असावी.

इथून दुसरा गट सुरू होतो, आणि हाच भाग परीक्षेत सर्वांत कच्चा राहतो. 1851 मध्ये लंडनला मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. जोसेफ पॅक्स्टनने लोखंड आणि काचेच्या तयार भागांतून त्यासाठी उभारलेला क्रिस्टल पॅलेस विलक्षण आधुनिक होता, पण आत मांडलेल्या यंत्रनिर्मित वस्तूंवर मात्र हातकामाची नक्षी साच्यातून थापलेली होती. कारागिराचा हात गेला आणि त्याची नक्कल उरली, ही खंत कलासमीक्षक जॉन रस्किनच्या लेखनातून आणि विल्यम मॉरिसच्या (1834 ते 1896) कामातून आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळ होऊन पुढे आली. साहित्याशी प्रामाणिकपणा, दिसणारे सांधे, स्थानिक परंपरा, निसर्गातून घेतलेली पण सपाट ठेवलेली नक्षी ही तिची लक्षणे. परंतु तिचा गाभा कारागिराला त्याच्या कामात आनंद मिळावा हा आहे. तिची अडचणही तिच्या पोटातच होती : हाताने केलेली वस्तू महाग पडते, आणि सामान्य माणसासाठी लढणाऱ्या मॉरिसचे गिऱ्हाईक श्रीमंतच राहिले. पुढची पन्नास-साठ वर्षे युरोपातले डिझायनर याच अडचणीचे उत्तर शोधत होते असे म्हटले तर चळवळींची साखळी स्वच्छ समजते.

त्याच काळात यंत्राच्या बाजूने दिलेले एक उत्तर आपल्या जुन्या घरांच्या सालांत, म्हणजे दिवाणखान्यांत, आणि वसरीवर ठेवलेले असते. वाफेने वाकवलेल्या लाकडाची, वेताच्या बैठकीची गोल पाठीची खुर्ची तुम्ही नक्की पाहिली असेल. मिखाएल थोनेटची 14 क्रमांकाची ही खुर्ची 1859 मधली. ती उलटी करून नीट पाहा. मागचे दोन पाय आणि पाठीची बाहेरची कमान मिळून एकच अखंड दांडा आहे, आणि संपूर्ण खुर्ची लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नटांत पुरी होते. सुट्या केलेल्या 36 खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत, म्हणून ती जगभर गेली. गोव्यात दिसणाऱ्या अशा खुर्च्यांत तिच्या नंतरच्या नकलाही पुष्कळ आहेत. आता शेजारची शिसवी कोरीव खुर्ची उलटी करा : खाचेत दुसऱ्या लाकडाचे टोक ठोकून केलेले सांधे, आतल्या बाजूला पटाशीच्या खुणा, आणि चारही पायांच्या मापांत किंचित फरक. दुरुस्तीला आलेल्या शिसवी खुर्चीचा एक भाग निकामी झाला तर तो त्या खुर्चीसाठी नव्याने घडवावा लागतो. थोनेटच्या खुर्चीत दुसऱ्या खुर्चीचा भाग बसतो. हस्तकला आणि उद्योग यांतला फरक मी विद्यार्थ्यांना या दोन खुर्च्यांवरच शिकवतो.

आर्ट नूव्हो (साधारण 1890 ते 1910) हे नक्कल सोडून अगदी नवी भाषा शोधणारे उत्तर होते. व्हिक्टर होर्ताचे ब्रुसेल्समधले तासेल घर (1893) आणि हेक्टर गिमारची पॅरिसच्या भुयारी रेल्वेची प्रवेशद्वारे (1900) ही त्याची ठळक उदाहरणे. चाबकाच्या फटक्यासारखी उसळणारी रेषा, वेली, जपानी छापचित्रांचा प्रभाव आणि उघडे ठेवलेले लोखंड ही त्याची ओळख. गोव्यात ही चळवळ म्हणून आली नाही; ती आयात केलेल्या बिडाच्या कठड्यांतून, लाद्यांच्या नक्षीतून आणि रंगीत काचांतून सुट्या तुकड्यांनी आली, म्हणून अशा घराला आर्ट नूव्हो घर म्हणू नये.

यानंतरचा कळीचा प्रसंग म्हणजे 1914 चा कोलोनचा वाद. 1907 मध्ये म्युनिकला स्थापन झालेल्या जर्मन वेर्कबुंड संस्थेत हेर्मान मुथेसियसने वस्तूंचे प्रमाणित नमुने ठरवण्याचा आग्रह धरला, आणि आन्री व्हान द व्हेल्देने कलावंताच्या स्वातंत्र्यासाठी त्याला कडाडून विरोध केला. हा वाद ज्याला समजला त्याला बाउहाउस समजते. वॉल्टर ग्रोपियसने 1919 मध्ये वायमार इथे ही शाळा सुरू केली तेव्हा तिचा पहिला जाहीरनामा कलावंतांना हस्तकलेकडे परत बोलावत होता, म्हणजे तो मॉरिसच्या जवळचा होता. 1923 पर्यंत तिचे घोषवाक्य कला आणि तंत्रज्ञान यांचे ऐक्य असे झाले. 1925 मध्ये शाळा डेसाउला गेली, त्याच सुमारास मार्सेल ब्रॉयरने पोलादी नळीची खुर्ची केली, आणि शेवटी बर्लिनमध्ये 1933 साली नाझी राजवटीच्या दबावाखाली ती बंद पडली. साधे भौमितिक आकार, अलंकरणाचा त्याग आणि उपयोगातून ठरणारे रूप ही लक्षणे सगळे लिहितात. पण सर्व शाखांना समान असा पायाभूत अभ्यासक्रम ही तिची देणगी अधिक टिकाऊ ठरली, आणि आजही तुमच्या पहिल्या वर्षाच्या रंग, आकार व पोत यांच्या सरावात तीच आहे. डिसेंबर 1922 मध्ये कोलकात्याला बाउहाउसच्या कलावंतांची चित्रे प्रदर्शित झाली होती हेही उत्तरात जरूर लिहावे. नेदरलँडमधली द स्टाइल चळवळ (1917 पासून) याच प्रवाहातली. काटकोन, मूळ रंग आणि रीटफेल्टचे 1924 चे श्रोडर घर एवढे आठवले तरी पुरे.

आर्ट डेको मात्र आपल्या अगदी जवळची आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. 1925 च्या पॅरिस प्रदर्शनातून ती जगासमोर आली. तिला बाउहाउससारखा जाहीरनामा नव्हता. नवे साहित्य आणि नवा वेग यांचा आनंद तिला अलंकरणातूनच साजरा करायचा होता. पायऱ्यापायऱ्यांचे शिरोभाग, सूर्यकिरण, गोलावलेले कोपरे, भुवईसारखे पुढे आलेले छज्जे आणि तीन समांतर आडव्या रेषा या तिच्या खुणा. प्रबलित, म्हणजे आत लोखंडी सळया घातलेले काँक्रीट हे तिचे साहित्य, कारण आधाराशिवाय बाहेर झेपावणारा छज्जा त्यातच सहज शक्य होतो. मुंबईच्या मरीन ड्राइव्ह परिसरात ती फुलली, आणि मुंबईला नोकरीधंद्यासाठी गेलेल्या गोवेकरांबरोबर ती म्हापसा, मडगाव आणि आसपासच्या गावांत आली. लोखंडी जाळीत अर्धा सूर्य आणि दर्शनी भिंतीवर बांधकामाचे साल असलेले घर दिसले की तिथे थांबून टिपण घ्यावे. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेतली निळ्या रंगातली आझुलेजो, म्हणजे चकचकीत रंगवलेल्या फरश्यांची पोर्तुगीज परंपरेतली चित्रे जोर्जे कोलासोने 1935 मध्ये केली, म्हणजे बाउहाउस बंद झाल्यावर दोन वर्षांनी. एकाच दशकात मुंबईत डेको, जर्मनीतून निर्वासित झालेला आधुनिकतावाद आणि पणजीत जुन्या परंपरेतली फरशीचित्रे असतात. चळवळी एकामागून एक रांगेने येत नाहीत.

स्वातंत्र्यानंतरच्या भारतात आधुनिकतावाद सरकारी धोरण होऊन आला. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर जोडप्याने 1958 मध्ये भारत सरकारला दिलेल्या अहवालात साध्या लोट्याचे डिझाइन म्हणून मनापासून कौतुक केले, आणि 1961 मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. गोव्यात या प्रवाहाची सर्वांत चांगली वास्तू म्हणजे चार्ल्स कोरिया यांची कला अकादमी (1973 ते 1983). मांडवीकाठची बसकी मांडणी, उघडे जाण्यायेण्याचे मार्ग आणि वरची मांडवासारखी चौकट यांत आधुनिक भूमिती आहे, पण ती आपल्या पावसाला आणि वाऱ्याला विचारून केलेली आहे. नाट्यगृहाच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांनी रंगवलेले सज्जांतले प्रेक्षक ही शुद्ध आधुनिकतावाद्याला न रुचणारी गोष्ट. तिथे उत्तर-आधुनिक वृत्ती डोकावते. त्या वृत्तीचा युरोपातला जोरकस उच्चार म्हणजे मिलानमध्ये 1980 साली एत्तोरे सोत्सास यांच्या भोवती जमलेला मेम्फिस गट : भडक रंग, स्वस्त लॅमिनेट, खेळकर आकार आणि उपयुक्ततेच्या एकछत्री राज्याला दिलेला नकार.

राहिला ‘पोर्तुगीज शैली’चा प्रश्न. अशी चळवळ नाही. ज्या घरांना हे नाव दिले जाते त्यांची मांडणी, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, राजांगण (घराच्या मधले उघडे अंगण), बल्कांव (दारापुढची बैठकीची ओसरी), शिंपल्यांच्या चकत्यांची तावदाने आणि उतरते छप्पर हे सारे इथल्या हवामानाने, इथल्या समाजाने आणि इथल्या सुतार-गवंड्यांनी ठरवले. युरोपीय चळवळी त्यावर नक्षी, खिडक्यांचे घाट आणि सामान या रूपांत बसत गेल्या. म्हणून घराची नोंद करताना एका शब्दात न उरकता अशी करावी : भिंती चिऱ्याच्या, चुन्याच्या गिलाव्याच्या, मांडणी राजांगणाभोवती, खिडक्यांच्या चौकटी नवअभिजात वळणाच्या, कौले मंगळुरी, म्हणजे बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना 1865 मध्ये सुरू झाल्यानंतरची, लादी रंगीत सिमेंटची, बहुधा 20व्या शतकातली, पुढच्या गॅलरीचा काँक्रीटचा छज्जा डेको पद्धतीचा आणि नंतर जोडलेला. अशी एक नोंद तुमच्या स्वतःच्या घराची किंवा शेजारच्या घराची करून पाहा, आणि प्रत्येक भागापुढे तो कोणी, कशाने आणि कोणाच्या पैशाने केला हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.